आत्याचं मखर

श्रावण लागला की इंदूरच्या आमच्या रामबागेत घरोघरी निरोप जायचा: दुधाच्या पिशव्या फेकू नका, धुऊन-वाळवून मंडळात आणून द्या. गणपतीचं मखर आत्या करणार आहे.

आत्याला बायपोलरचा आजार होता. कधी रात्र रात्र झोप नाही, डोक्यात शंभर बेत. कधी अंथरुणातून उठणंही जिवावर यायचं. लिथियमच्या गोळ्यांमुळे हाताला बारीक कंप होता, कात्रीचं नाजूक काम जमत नसे. म्हणून तिने इस्त्री धरली. पिशव्यांचे चार-पाच थर, खाली-वर बटर पेपर. इस्त्री जास्त तापली की भोकं पडतात, कमी तापली की थर सुटतात. बेताची लागली की जाड, चिवट ताव तयार! पांढऱ्या बाजूच्या कमळाच्या पाकळ्या, निळ्या छपाईचं पाणी. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचे तळ आम्ही पोरं कापून द्यायचो. त्यांना मुळातच पाच पाकळ्या असतात, रंगवले की फुलं झाली. पीव्हीसीचं काही हाती लागलं तर ती लगेच बाजूला काढायची. "हे तापवायचं नाही रे, विषारी धूर होतो." खिडक्या सताड उघड्या हव्यात, हाही तिचाच दंडक.

एका वर्षी ऐन श्रावणात ती आजारी पडली. मखर साध्या पडद्यांचं झालं, पण पिशव्या येतच राहिल्या. अध्यक्षकाका घरी येऊन एवढंच म्हणाले, "ताई, माल पोत्यात भरून माळ्यावर ठेवलाय. घाई नाही." पुढच्या वर्षी आत्या आली आणि आधी ती पोतीच उतरवून घेतली. आमच्या मंडळाबद्दल मला सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते या निरोपासाठी.

मखरामुळे ती सावरली असं लोक म्हणत. मला ते पटत नाही. तिला सावरलं गोळ्यांनी, डॉक्टरांनी आणि वेळेवरच्या झोपेने. रात्री नऊला तिच्या हातातली इस्त्री काढून घ्यायचं काम काकूंकडे होतं. जागरणाने आजार उसळतो, म्हणून अनंत चतुर्दशीच्या रात्रभर चालणाऱ्या झांक्यांना, म्हणजे गिरण्यांच्या दिव्यांनी सजलेल्या चित्ररथांच्या मिरवणुकीलाही, ती यायची नाही. हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १९९१ साली बंद पडली तरी कामगारांनी झांकी सोडली नाही, याचं तिला फार अप्रूप. आम्ही पहाटे परतलो की पोहे करता करता ती खोदून खोदून विचारायची: काय हलत होतं, दिवे कुठे लपवले होते? त्यातलं काहीतरी पुढच्या मखरात उतरायचंच. एकदा तिने बाटल्यांची झाकणं ओवून हत्तीची हलती सोंड केली होती. आरतीच्या वेळी तिची दोरी कोणी ओढायची यावरून आम्हा पोरांत दहाही दिवस भांडणं चालली.