चिठ्ठीवर 'ग्लायोब्लास्टोमा?'

जुन्नरकडून पुण्याला आमच्याकडे पाठवलेल्या चाळिशीतल्या शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर 'ग्लायोब्लास्टोमा?' म्हणजे मेंदूचा जोरात वाढणारा कॅन्सर, असं लिहिलं होतं. फिट आलेली, सीटीत मेंदूच्या उजव्या टेम्पोरल भागात, म्हणजे कानाच्या वर, कडीसारखी चमकणारी गाठ, ताप नाही. पण मेंदूत गळू, म्हणजे पुवाची गाठ, झाली तरी अशीच कडी दिसते, आणि कित्येकांना ताप येतच नाही, म्हणून त्या 'नाही'ला मी फारसा भाव देत नाही. मशीनवर घेण्याआधी विचारलं, "कान फुटतो का हो?" बायको म्हणाली, "उजवा. शाळेत असल्यापासनं वाहतोय की." एमआरआयच्या फॉर्मवर पेसमेकर, क्लिप, छर्रे सगळं असतं, कानाचं कुणी विचारत नाही. वाहत्या कानाचा पू शेजारच्या हाडातून मेंदूच्या याच भागात शिरू शकतो.

डिफ्युजन आधी, म्हणजे पाणी किती मोकळं फिरतं ते दाखवणारा स्कॅन, दोनेक मिनिटांचं काम. त्यातल्या बी-१००० चित्रावर गाठीचा मधला भाग लख्ख पांढरा. नुसत्या पांढऱ्यावर जायचं नसतं, टी-टूची, म्हणजे नुसत्या द्रवाची, चमकही त्यात मिसळते. एडीसीवर, म्हणजे पाण्याची हालचाल आकड्यात मोजणाऱ्या नकाशावर, तोच भाग काळा हवा. तो होता, आकडा ०.६ च्या आसपास. ट्यूमर आतून मेला की पोकळीत पाणी मोकळं फिरतं, आकडा बहुधा दीडच्या वर जातो. पू दाट, त्यात पाणी अडतं. रक्तानेही एडीसी काळा पडतो, म्हणून रक्त टिपणारं एसडब्ल्यूआय पाहिलं: कडीला दोन थर, बाहेरचा काळा, आतला उजळ, ही गळूची खूण. उजवं मास्टॉइड, म्हणजे कानामागचं हाड, तेही भरलेलं.

पर्फ्युजनला, म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा मोजायला, ६२ किलो वजनासाठी किलोमागे ०.२ मिली, म्हणजे १२.४ मिली गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट), सेकंदाला ४ मिली वेगाने, मागून २० मिली सलाइन. हाताच्या पाठीवर २२ नंबरची निळी सुई होती. त्या दाबाला शीर फुटते. कोपरात २० ची गुलाबी लावली. कडीत रक्तपुरवठा ट्यूमरसारखा वाढलेला नव्हता, पण कानाच्या हाडाजवळ हवेमुळे सिग्नल गळतो, तेव्हा या जागी एकट्या पर्फ्युजनवर मी रिपोर्ट लिहीत नाही. आत कोणती रसायनं आहेत ते सांगणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीचा चौकोन पोकळीत ठेवला, कडीवर नाही. टीई १३५ या सेटिंगला आलेखात ०.९ पीपीएमच्या जागी अमिनो आम्लांचं शिखर उलटं आलं, ते पुवाचं लक्षण. १.३ चं लॅक्टेट ट्यूमरमध्येही सापडतं, त्याने निकाल लागत नाही.

न्यूरोसर्जनना लगेच फोन केला. कवटी उघडण्याऐवजी छोटं भोक पाडून पू ओढला गेला. साध्या कल्चरबरोबर तो ॲनारोबिक (हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंच्या) आणि टीबीसाठीही पाठवला, कारण क्षयाचं गळूही डिफ्युजनवर असंच दिसतं. पुढे शिरेतून ६ ते ८ आठवडे अँटिबायोटिक, आणि कानासाठी ईएनटी. फॉलोअपला कॉन्ट्रास्टची कडी महिनोन्‌महिने रेंगाळते. तिला घाबरून दुसरं ऑपरेशन ठरवू नये. एडीसीचा आकडा चढतोय का, ते पाहावं. मधला भाग पुन्हा काळा पडला, तर पू परत भरतोय.