बाकोबा, कोबाको आणि सुतारकाका

आमच्या गॅलरीतली कुंड्यांची लाकडी मांडणी गेली दोन वर्षं डुलत होती. हात लावला की डावीकडे, सोडला की उजवीकडे, तीर्थ घेतल्यासारखी. मी कोपऱ्यात जास्तीचे खिळे ठोकून पाहिले, सांध्यांत सरस ओतला. ती डुलत राहिली. शेवटी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी मांडणीला दोन धक्के दिले, मागच्या बाजूनं एक पट्टी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी धरली, दोन्ही टोकांना स्क्रू पिळले आणि म्हणाले, "हलवा आता."

हलेना.

"एवढंच होतं?"

"चौकोन नुसता ठेवला की लवतो हो ताई. त्याला तिरका आधार लागतो."

आणि तीसेक वर्षं कुठेतरी तळाशी पडलेला एक शब्द टुणकन वर आला. बाबाबा!

मराठी शाळेत शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या : बाकोबा, कोबाको, बाबाबा. बाजू-कोन-बाजू वगैरे त्यांची फोड नंतर कळायची, आधी नुसता नाद. बाकोबा म्हणजे पडवीत पान लावत बसलेले कुणी आजोबा असावेत, असं मला कायम वाटे. कोबाको हे त्यांच्या बोबड्या नातवाचं नाव. आणि बाबाबा हा जत्रेतला पाळणा वर जाऊन खाली यायला लागला की आपसूक निघणारा उद्गार. पुढे समरूपतेच्या धड्यात कोकोकोही आला, तेव्हा मागच्या बाकावरून कोंबडीचा आवाज निघाला आणि अख्ख्या वर्गाला अर्धा तास उभं राहावं लागलं. परीक्षा झाली, मार्क मिळाले, आजोबा-नातू दोघंही विस्मरणात गेले.

आता मांडणीसमोर उभं राहून कळलं, की बाबाबा काय म्हणत होता. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण ठरला. त्या तीन मापांचा दुसरा आकार होऊच शकत नाही, त्यामुळे त्याला हलायला जागाच उरत नाही. चौकोनाचं तसं नाही. चारही बाजू मोजून-मापून घ्या, तो खुशाल कलंडतो; बाजू तेवढ्याच राहतात आणि चौरसाचा पतंग होतो. सुतारकाकांच्या पट्टीनं चौकोनाचे दोन त्रिकोण केले आणि त्याची मस्ती उतरली. पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या, रेल्वेपुलाच्या बाजूंचं ते तिरक्या लोखंडाचं जाळं, शेताच्या फाटकावरची आडवी-तिरपी फळी, सगळीकडे हाच बाबाबा.

सायकलीतही. बाबांच्या उंच सायकलच्या दांड्यांमधल्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालून मी हाफ पायडल शिकले. सीटवर बसायची उंची नव्हती, म्हणून तो त्रिकोण हेच आमचं दार. वरच्या दांडीला काखेत धरून, अंग वाकडं करून गावभर फिरायचं. लेडीज सायकल घ्यायची पुढे फार हौस होती. आल्यावर मात्र ती जरा मिळमिळीत वाटली.

कोबाकोची गोष्ट याहून मोठी आहे. एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले, की उरलेल्या दोन बाजूंपर्यंत चालत जावं लागत नाही, त्या बसल्या जागी गणितानं निघतात. एवढ्या भांडवलावर १८०२ सालच्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज फौजी अधिकाऱ्यानं मद्रासजवळ हिंदुस्थान मोजायला घेतला. पहिली बाजू मात्र जमिनीवर खरोखर मोजावी लागली. साडेसात मैलांची. साखळी १०० फुटांची, म्हणजे ती जवळपास ४०० वेळा उचलून मांडायची. त्यानंतर टेकडीवरून टेकडीकडे नुसतं दुर्बिणीतून बघायचं, कोन घ्यायचे, आणि एका त्रिकोणाची काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया करायची. उंचवटा सापडला नाही की देवळाचं गोपूर गाठायचं. १८०८ मध्ये तंजावरला देवळावर चढवताना तो अर्धा टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, दोर तुटून भिंतीवर आदळला. दुसरा कुणी असता तर नवा येईपर्यंत गप्प बसला असता. या गृहस्थांनी तंबूत बसून कित्येक आठवडे ठोकाठोकी करून त्याची वाकलेली तबकडी पुन्हा गोल केली.

अशी त्रिकोणांची माळ ओवत ओवत ते वऱ्हाडाच्या उंबरठ्यापर्यंत आले, आणि जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारले. तिथेच पुरले. हिंगणघाट म्हटलं की आपल्याला कापूस आठवतो. या माणसाची कबर तिथे आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि कोबाको मात्र आठवीतच पाठ होता!

माळ पुढे हिमालयापर्यंत गेली. नेपाळात शिरायला परवानगी नव्हती, म्हणून शंभराहून अधिक मैलांवरून शिखरांचे कोन घेतले. १८५२ मध्ये या मोजणीतले बंगाली गणिती राधानाथ सिकदार यांनी आकडेमोड करून पंधरा नंबरच्या शिखराला, म्हणजे आजच्या एव्हरेस्टला, जगात सर्वांत उंच ठरवलं. १८५६ मध्ये जाहीर झालेला आकडा २९,००२ फूट. आज उपग्रहांच्या मदतीनं मानलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे तेव्हाच्या आकड्याहून तीसेक फूट जास्त. डोंगरावर पाय न ठेवता एवढी चूक मी तरी माफ करते. शिवाय त्यांना एक अडचण होती, जी आमच्या बाईंनी आम्हाला कधी सांगितली नाही : गोल पृथ्वीवर एवढा मोठा त्रिकोण काढला, की त्याच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरते. तेही हिशेबात धरावं लागे.

गवंड्यांना यातलं काही लागत नाही. पाया आखताना ते लाइनदोरीवर एका बाजूला ३ फुटांवर खूण करतात, दुसऱ्या बाजूला ४ वर, आणि दोन खुणांमध्ये ५ फूट भरले की म्हणतात, "गुण्यात आहे." म्हणजे कोपरा काटकोनात आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त वाऱ्यानं मोडलेल्या बांबूचं एक गणित आहे. बांबू ३२ हात, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर मोडला कुठे? १२ हातांवर. म्हणजे १२, १६, २०. खांबावरचा मोर आणि बिळाकडे निघालेला साप यांचंही आहे, त्यात ९, १२, १५ येतात. दोन्हीकडे गवंड्याचे ३-४-५च, फक्त एकदा चारपट आणि एकदा तिप्पट. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याचा गौरव आहे, ते आचार्य कधी पाया आखणाऱ्यांजवळ उभे राहिले असतील का, असं उगीच मनात येतं.

इतकं असून आपली भाषा म्हणते, तीन तिगाडा काम बिगाडा. हे मला पटत नाही. चुलीला तीन दगड पुरतात. तिपाई कुठल्याही ओबडधोबड जमिनीवर तिन्ही पाय टेकून उभी राहते, कारण तीन टोकं नेहमीच एका पातळीत येतात. भांडण लावतो तो चौथा पाय.

आमच्या मांडणीला चार आहेत. सुतारकाका पैसे घेऊन निघाले तेव्हा मी कौतुकानं तिला पुन्हा हात लावला. डुलली नाही. पण टक्क असा आवाज झाला आणि एक कोपरा वर उचलला गेला.

"लादी खाली आहे तिथं," काका म्हणाले. चप्पल काढून परत आत आले, पिशवीतून पटाशी काढली, लाकडाचा एक ढलपा एका बाजूनं तासत तासत निमुळता केला आणि ती पाचर चौथ्या पायाखाली ठोकून दिली.