एमजीबीच्या इंजिनातली खडखड

इंग्लंडमधल्या स्नेक पास या घाटाचा चढ लागला की माझी १९६७ सालची एमजीबी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, चौथ्या गिअरमध्ये खडखडायला लागायची. पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा आवाज. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की गायब. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, आवाज असा पायाच्या तालावर येत-जात नाही. हे नॉकिंगच होतं.

८.८ कॉम्प्रेशनचं हे इंजिन ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेलं. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ ऑक्टेन म्हणजे ई१०, त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ९७ ते ९९ चं सुपर मिळतं, पण डोंगरातल्या लहान पंपावर मिळेलच असं नाही. ऑक्टेन कमी पडलं की ठिणगीची आग पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आपोआप पेटतं, आणि तोच धक्का ऐकू येतो, हेच नॉकिंग. पिस्टनला तो फार काळ सोसत नाही.

"टायमिंग मागे घे", म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाड, हा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच बरोबर आहे. सरसकट मागे घेतलं तर आवाज थांबतो, पण गाडी मरगळते आणि उशिरा जळणाऱ्या मिश्रणाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. नेमकं कुठे टायमिंग जास्त पुढे जातंय, ते आधी शोधायला हवं.

पहिला प्लग काढून पिस्टन वर आणला आणि पुलीवरची खूण खरी आहे ना, याची खात्री केली. मग व्हॅक्यूमची नळी (तीही टायमिंग पुढे नेते) काढून बंद केली आणि ठिणगीसरशी लखलखून खुणेची जागा दाखवणारा टायमिंग लाइट लावला. आयडलला सगळं पुस्तकाप्रमाणे, ६०० फेऱ्यांना १४ अंश. पण रेस जरा वाढवताच खूण सरसर पळाली. चढावर इंजिन जिथे कष्टात असतं, नेमकी तिथेच ठिणगी वेळेआधी पडत होती.

प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोहोचवणारा ल्युकास २५डी४ डिस्ट्रिब्युटर उघडला. पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्काच्या, प्लेटखाली रेस वाढली की बाहेर फाकून टायमिंग पुढे नेणारी दोन वजनं आणि त्यांना आवरणाऱ्या दोन स्प्रिंग असतात, एक बारीक, एक जाड. जाड स्प्रिंगची कडी मुळातच थोडी सैल असते, ती नंतर कामाला लागते. इथे बारीक स्प्रिंगही ताणून लोंबत होती. वजनं मोकळीच फिरत होती म्हणायची! या डिस्ट्रिब्युटरच्या नंबरच्या नव्या स्प्रिंग बसवल्या, खालची धूळ-गंज साफ करून तेलाचा थेंब दिला, पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच ठेवला. आता खूण रेससोबत सावकाश सरकते, आणि व्हॅक्यूमशिवाय सगळं मिळून ३२ अंशांपुढे जात नाही.

त्यावर ९५ साठी दोन अंश मागे घेतले. यासाठी २५डी४ ला खाचा पाडलेलं छोटं चाक आहे, शेजारी ए (ॲडव्हान्स, पुढे) आणि आर (रिटार्ड, मागे) कोरलेले. अकरा 'टिक' म्हणजे एक अंश. ही सोय मला फार आवडते. पाना न लावता रस्त्याच्या कडेलाही बदल करता येतो.

एवढ्याने आवाज बराच गेला, पूर्ण नाही. उरलं ते कार्बोरेटरचं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण लवकर नॉक करतं. गाडीला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर आहेत; त्यांच्यातला पिस्टन पिनने किंचित, जेमतेम एक मिलिमीटर, उचलला तर दोन्हीकडे इंजिन लडबडत होतं, म्हणजे पातळच. मिश्रण घट्ट करायला जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीचा) नट एकेक पैलू खाली घेत गेलो, उचलल्यावर रेस क्षणभर वाढून परत स्थिरावेपर्यंत. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलले. इथेनॉल त्यांना खातं.

ज्यांच्याकडे जुनी ॲम्बॅसडर आहे, तिचं १४८९ सीसी इंजिनही याच बी-सिरीज घराण्यातलं. आकडे तिच्या पुस्तकातले घ्यावेत, तपासायची रीत मात्र हीच.

आता तो चढ ९५ वर शांतपणे पार होतो. कमी रेसमध्ये चौथ्यात पाय पूर्ण दाबला तर अजून थोडा आवाज येतो, तेव्हा मी तिसरा टाकतो. टाकीत ९९ असेल त्या दिवशी चाक ए कडे बावीस टिक फिरवून ते दोन अंश परत देतो.