ड्रोन लॉग: फुटेजचे झटके, आरोपी एक नाही चार निघाले

मागच्या लॉगमध्ये लिहिलं होतं की ड्रोनचं ४के फुटेज पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) खडखड करतंय, मध्येच झटके देतंय आणि गवताचा भाग तर पार गिचमिड दिसतोय. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, मेमरी कार्ड बदल. कार्ड बदललं नाही. आधी नेमकं कुठे अडखळतंय ते शोधायचं ठरवलं, कारण "व्हिडिओ अडकतोय" म्हणणं म्हणजे "अंग दुखतंय" म्हणण्यासारखं आहे, त्यावरून औषध कुठलं देणार.

पहिलं काम, फोनवर दिसणारं लाइव्ह चित्र बाजूला ठेवलं. ते रेडिओवरून कमी रिझोल्यूशनमध्ये येतं, सिग्नल जरा पडला की फुटतं आणि फोनमध्ये जी कॅश फाइल राहते ती बहुतेक वेळा त्याच चित्राची असते. कितीतरी जण तीच फाइल उचलून एडिट करतात आणि कॅमेऱ्याला शिव्या घालतात. कार्डवरची मूळ फाइल काढा, मग बोला. स्वस्तातल्या खेळण्यातल्या वायफाय ड्रोनचं मात्र वेगळं आहे, त्यातल्या बऱ्याचशांना कार्डच नसतं, रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं, म्हणजे हवेत जी फ्रेम गळाली ती कायमची गेली. तिथे जवळ उडवणं आणि ड्रोन देत असेल तर ५ गिगाहर्ट्झ बँड वापरणं एवढंच हातात आहे.

आता कार्डवरची मूळ फाइल. लॅपटॉपवर कॉपी करून लावली तर झटके आहेतच. पण एक गंमत लक्षात आली, तीच क्लिप पुन्हा लावली की झटका दुसऱ्याच ठिकाणी येतो! एकदा १२व्या सेकंदाला, मग १९व्या, मग भलतीकडेच. फाइलमध्ये दोष असता तर दरवेळी त्याच जागी आला असता ना. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर १०० टक्क्यांवर धापा टाकतोय. फाइल एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), १० बिट, आणि या जुन्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सला ते डीकोड करता, म्हणजे उलगडता येत नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. नव्या फोनमध्ये तीच फाइल लोण्यासारखी चालली. म्हणजे पहिला आरोपी लॅपटॉप, ड्रोन नाही.

यावर उपाय प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती बनवलेली, चालवायला सोपी प्रत. १०८०पीच्या प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर (दोन्ही एडिटिंगसाठीचे फॉरमॅट) फाइल बनवायच्या आणि एडिटिंग त्यावर करायचं, शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. प्रॉक्सीची साइज बघून घाबरू नका, एच.२६५मध्ये बहुतेक फ्रेम "आधीच्यापेक्षा काय बदललं" एवढंच साठवतात त्यामुळे मधली एक फ्रेम दाखवायला कॉम्प्युटरला आजूबाजूच्या कितीतरी उलगडाव्या लागतात, प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतःत पूर्ण असते म्हणून टाइमलाइन सरसर चालते आणि डिस्क मात्र भसाभस भरते.

प्रॉक्सीने टाइमलाइन सुटली पण एक्स्पोर्ट केलेल्या व्हिडिओत अजून एक बारीक लयीत येणारा हिसका उरलाच. हा मात्र नेहमी त्याच जागी. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, तसं बसून बघितलं. फ्रेमच्या कडेला एक विजेचा खांब होता, तो दर फ्रेमला साधारण सारखा सरकत होता, सरकत होता आणि मग एकदम दुप्पट उडी. पुन्हा सारखं, पुन्हा उडी. क्लिप सेकंदाला ३० फ्रेमची आणि प्रोजेक्ट जुन्या टेम्प्लेटवरून उघडलेलं, २४ फ्रेमचं. ३०चे २४ करायचे तर दर पाच फ्रेममधली एक फेकावी लागते, म्हणजे सेकंदाला सहा हिसके, ठरलेले. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिली क्लिप टाकताना फ्रेम रेट जुळत नाही, बदलू का असं विचारतात ते याचसाठी, आणि एकदा मीडिया आत गेला की प्रोजेक्टचा तो रेट नंतर बदलू देत नाही, नवीन प्रोजेक्ट किंवा वेगळ्या सेटिंगची नवी टाइमलाइन उघडावी लागते. आता शूट ३०, टाइमलाइन ३०, एक्स्पोर्ट ३०. नेहमीच्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ३० सरळ भागही जातो, प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली की झालं. २४ला तिथे एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असं करावं लागतं आणि सावकाश पॅनमध्ये ते डोळ्यांना टोचतं. "सिनेमॅटिक" म्हणून २४ धरून बसलेल्यांनी आपापलं बघावं.

तरीही पॅन खडखडीतच. आणि हाच सगळ्यात मोठा मासा निघाला: शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो ते.

भर दुपारी, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) एफ २.८ आणि तेही फिक्स. अशा उन्हात ऑटोवर ठेवलं की कॅमेरा शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास नेऊन ठेवतो, त्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही. एकेक फ्रेम थांबवून बघितली तर प्रत्येक पान कोरल्यासारखं स्वच्छ, एकटी फ्रेम फोटो म्हणून लावावी इतकी सुरेख. पण चालू केलं की झाडं सरकत नाहीत, टप्प्याटप्प्याने उड्या मारतात, कारण दोन फ्रेमच्या मध्ये जी हालचाल झाली तिचा मागमूसच कुठल्या फ्रेममध्ये नाही. डोळ्याला थोडा ब्लर लागतो. नियम जुना आहे, शटर फ्रेम रेटच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे ३०ला १/६०. १/३२०० वरून तिथे यायचं तर प्रकाश जवळपास सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कापायला हवा, आणि एनडीचा, म्हणजे लेन्सवर लावायच्या काळपट फिल्टरचा, हिशोब असा की एनडी ८ तीन स्टॉप, १६ चार, ३२ पाच, ६४ सहा. म्हणजे दुपारी ६४ लावायचा, ढगाळ असेल तर १६ किंवा ८. ३२ लावून १/१००वर उडवलं तरी फरक लगेच कळतो, अगदी १/६०चाच हट्ट नको.

दोन गोष्टी फिल्टरबद्दल. ड्रोन चालू करायच्या आधी लावा, कारण गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची यंत्रणा) सुरू होताना स्वतःला तोलून घेतो. आणि आपल्या मॉडेलसाठी बनवलेलाच घ्या, जड फिल्टर लावला की गिंबलच्या मोटरवर ताण येतो आणि मग थरथर सुरू, म्हणजे एक दुखणं जाऊन दुसरं.

शटर सुधारलं तरी यॉ स्टिक (ड्रोन जागेवर फिरवणारी) फटकन ओढली तर काहीही वाचवू शकत नाही. एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला साधारण सात सेकंद लागावेत असं शूटिंगवाले सांगतात, मोजून बघा, वाटतं त्यापेक्षा फारच सावकाश असतं ते. मी सिने मोड (सावकाश उडवण्याचा) लावून यॉचा वेग कमी केला आणि शक्य तिथे जागेवर फिरवण्यापेक्षा पुढे जाता जाता हलकं वळण घेतो, ते जास्त छान दिसतं.

हे चालू असताना जेलो दिसला. एका कडक वाऱ्याच्या दिवशी घरांच्या उभ्या कडा लाटांसारख्या डुलायला लागल्या. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात कॅमेरा थरथरला की प्रत्येक ओळ वेगळ्या जागी पडते. वाऱ्यावर खापर फोडायचं होतं पण प्रॉप (ड्रोनचा पंखा) हातात घेऊन कडेवरून नख फिरवलं तर एका पात्याच्या पुढच्या कडेला नख अडकलं, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी खाच. त्या मोटरची पाती बदलली, जोडीनेच बदलायची असतात, आणि जेलो गायब. सोबत गिंबलचे थरथर शोषणारे रबरी डँपरही तपासले, एखादा खोबणीतून निसटला असला तरी हेच होतं.

कार्डचं पण सांगतो, राहायला नको. पाकिटावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बहुतेक वेळा वाचण्याचा वेग, आपल्याला लिहिण्याचा पाहिजे. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना किमान ३० मेगाबाइट प्रतिसेकंद. आपला व्हिडिओ १०० मेगाबिट प्रतिसेकंद, आठाने भागा, १२.५ मेगाबाइट. म्हणजे खरं व्ही३० कार्ड आरामात पुरतं. "खरं" हा शब्द महत्त्वाचा, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३ हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून बघायचं. (आधी फुटेज दुसरीकडे हलवा, मग टेस्ट.) माझं पास झालं. ड्रोनमध्येच फॉरमॅट केलं आणि विषय संपवला.

राहिलं ते गवत. लांबून काढलेलं गवत, वाऱ्याने हलणारी पानं, पाण्यावरच्या बारीक लाटा, यात प्रत्येक फ्रेमला सगळंच बदलतं, मग ठरलेल्या बिटरेटमध्ये (सेकंदाला वापरायच्या डेटात) कोडेकला, म्हणजे एच.२६५सारख्या पद्धतीला, ते बसवता येत नाही आणि चौकोन चौकोन दिसायला लागतात. त्यात कॅमेऱ्यातला शार्पनेस वाढवलेला असेल तर अजूनच वाईट, कारण नसलेल्या कडांवर बिट खर्च होतात. सध्या शार्पनेस -१, नॉइज रिडक्शन -१ आणि बिटरेट कमाल असं ठेवलंय. मूळ फाइल बरीच सुधारली, पण व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की पुन्हा तेच ढेकूळ, त्यामुळे मित्रांना डॉक्युमेंट म्हणून पाठवतोय. एक्स्पोर्टचा बिटरेट अजून ठरत नाहीये, ४० मेगाबिटवर गवत फुटतं, ८०वर ठीक आहे, मधलं बघायचं बाकी आहे.

आणि सूर्य समोर असताना चित्रावर ज्या काळ्या पट्ट्या फडफडतात त्या प्रॉपच्या सावल्या, लेन्सवर पडतात. ड्रोन थोडा वळवला किंवा कॅमेरा जरा खाली केला की जातात. पुढच्या वेळी रात्रीचं, दिव्यांखालचं फ्लिकर घेतो. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात म्हणून शटर १/५० किंवा १/१००ला लॉक करून बघणार आहे, एलईडी किती ऐकतात ते कळेलच.