वलुरक 1:50 : फासळ्या बसल्या, आणि त्याही गोंदाशिवाय

मंडळी, वलुरक म्हणजे कार्ल्याचं जुनं नाव. तिथल्या लेण्यातल्या चैत्याची, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाची, मी 1:50 मापात प्रतिकृती करतोय. काल रात्री पावणेबाराला तिची पहिली फासळी, छताखालची लाकडी कमान, छतात बसली. 'टक्' असा बारीक आवाज आला आणि मी हात काढून घेतला. ती हलली नाही. आज सकाळपर्यंत नऊ झाल्या.

मागच्या वेळी मोडलेल्या पट्ट्यांचा ढीग दाखवला होता, तो आठवत असेल. 3 मिमीची सागाची सलग पट्टी रात्रभर भिजवली, वाफ दिली, तरी खांद्याजवळ वळण आलं की तडकायची. एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) लेझरवर कापून आणलेल्या कमानी अंगाला बसल्या खऱ्या, पण कडा जळून काळ्या पडल्या होत्या आणि लाकडाचा धागाच नव्हता. कार्ल्याच्या छताखाली उभं राहून वर पाहिलेल्या कुणालाही तो पुठ्ठा पटला नसता. तिथलं लाकूड जवळजवळ 2000 वर्षांचं आहे. स्तूपावरची लाकडी छत्री सोडली तर बाकी चैत्य दगडात, फासळ्या तेवढ्या खऱ्या सागवानाच्या. प्रतिकृतीत त्या खोट्या ठेवायच्या, तर मग दगडासाठी डेंटल प्लास्टर घोटत बसायचं कशाला?

म्हणून व्हेनियरकडे, लाकडाच्या पातळ पापुद्र्याकडे, वळलो. 0.6 मिमीच्या पाच पट्ट्या, मध्ये फेविकॉल, साच्यावर शिकंज्यात 24 तास. (व्हेनियर प्लायवूडच्या दुकानातल्या कापून उरलेल्या तुकड्यांतून घ्या. ऑनलाइन मागवलेलं माझं पाकीट लाटेसारखं वाकडं आलं, अर्धं टाकून द्यावं लागलं.) तडकणं थांबलं, पण शिकंजा सोडला की फासळी उघडायची. दोन्ही टोकं तीन-तीन मिमी बाहेर. मध्यदालन प्रत्यक्षात साधारण 25 फूट 7 इंच रुंद, म्हणजे आपल्या मापात 15.6 सेंमी. त्यात सहा मिमीची चूक खपत नाही. मी साचा जास्त वळवून पाहिला, पट्ट्या सात केल्या, गोंद बदलला. पंधरा दिवस याच एका गोष्टीत गेले.

शिवाय एक मूळ चूक सापडली. मी साचा अर्धवर्तुळाचा केला होता. कार्ल्याची कमान खाली येताना पुन्हा आत वळते, नालासारखी. आपण दर्शनी पिंपळपानाची कमान इतकी पाहतो, पण आतलं छतही तोच आकार घेऊन आत जातं हे मी साच्यात उतरवलंच नव्हतं. साचा नव्याने केला. आता पंचाईत अशी की टोकं आत वळलेली फासळी गोंद लावून वर चढवताना कडेच्या प्लास्टरला घासायची, गोंद पुसला जायचा, डाग पडायचे.

वाट सापडली ती अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्याचे जुने फोटो चाळताना. तिथलं लाकूड कधीच गेलंय, पण छताच्या दगडावर फासळ्यांच्या जागा दिसतात. ते पाहिलं आणि हॅक्सॉ ब्लेड घेऊन प्लास्टरच्या छताला एक मिमी खोल खाच मारली. फासळीची टोकं चिमटीत दाबली, आत सरकवली, सोडली. जे उघडणं मला पंधरा दिवस छळत होतं, तेच आता तिला खाचेत दाबून धरतंय! सुतारांनी तिथे नेमकं असंच केलं असेल असा माझा दावा नाही. पण दगडाच्या छताला या फासळ्यांच्या आधाराची गरज नव्हती, फासळीलाच छतात टिकून राहायचं होतं, हे हाताला कळलं ते काल.

गजपृष्ठाचा, म्हणजे स्तूपामागच्या अर्धगोल टोकाचा भाग मात्र अजून अडलाय. स्तूपाच्या मागून येणाऱ्या अर्ध्या फासळ्या माथ्यावर एकत्र येतात, आणि अर्ध्या फासळीला दाब नसतो. माझ्या प्रतिकृतीत त्या 11 आहेत, प्रत्येकी 2 मिमी रुंद. म्हणजे एकत्र 22 मिमी. अर्धवर्तुळात मांडल्या तर माथ्याच्या सात मिमी आधीच एकमेकींना भिडतात. टोकाकडे कानशीने निमुळत्या करत 0.7 मिमीवर आणल्या, तर हा अडसर अडीच मिमीवर येतो. तेवढं शेवटच्या पूर्ण फासळीच्या आड झाकलं जाईल. तीन करून झाल्या, चौथी बोटातच मोडली. कानस नको, काचेवर चिकटवलेला 220 चा पॉलिश पेपर घ्या, फासळी त्यावर ओढा. यंत्राचं सँडर या कामाला अजिबात लावू नका.

खांबांचं थोडक्यात. 37 पैकी मागचे सात साधे अष्टकोनी झाले. बाजूच्या 30 पैकी 12 चे घट आणि उपड्या कमळाच्या घंटा ओतून झाल्या. खांबांच्या माथ्यावरचे हत्ती साच्यातून काढतोय, स्वार मात्र प्रत्येक खांबावर वेगळे, सुईच्या टोकाने. या आठवड्यातला सगळ्यात आवडता तासभर गेला तो सोपाऱ्याच्या सातिमिताने दान दिलेल्या खांबावर. त्यावरच्या कोरीव लेखात 'ससरीरो थभो दानं' आहे, म्हणजे अवशेषांसहित दिलेला खांब. कमळाच्या मध्यभागी अवशेषांची ती खोबण पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) पाडली, 0.8 मिमीची. भिंगातून पाहिल्यावरच दिसते, पण तो खांब आता बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, आणि तसाच तो असायला हवा.

हे लिहितानाच सुचलं की फासळ्या गोंदाशिवाय बसताहेत, तर त्या काढताही येतील. मग छत उचलता येईल असं करायचं. फासळ्या काढल्या की रिकामं छत, बसवल्या की तिथल्या लेखात 'जंबुदिपम्हि उतमं' (जंबुद्वीपात उत्तम) म्हणवणारं, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं शैलगृह. म्हणजे छताला रंग लावायचा बेत रद्द, कारण रंगाच्या थराने खाचा भरतील. प्लास्टरमध्येच आधी काळी पूड मिसळायला हवी होती. आता चहाचं पाणी आणि काजळ पातळ करून एका तुकड्यावर बघतो.

आणि भाजे, कार्ल्याजवळचं त्याहून जुनं लेणं. तिथले खांब आत कललेले, कार्ल्याचे सरळ. दोन्ही एकाच मापात शेजारी ठेवले तर लाकडी घराची सवय दगडातून हळूहळू कशी सुटत गेली ते एका नजरेत दिसेल. भाज्याचे 27 खांब अष्टकोनी आणि बिनशीर्षाचे, म्हणजे हत्तींची कटकट नाही. पण आधी हे पुरं करतो.

दिवा कुठे लावायचा हे ठरायचंय. चैत्य पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन दुपारनंतरच आत येतं. मी एलईडी वर बसवला होता, तो काढला. रविवारी मळवलीला उतरून तीनच्या सुमारास वर जाणार आहे. एकवीरेचं दर्शन घेईन आणि मग ऊन खाली येईल तसं ते कितव्या खांबापर्यंत पोचतं ते दर पंधरा मिनिटांनी टिपून ठेवेन.