तुम्ही विचारलंत म्हणून : संगीत आणि मेंदूवरची पुस्तकं, आणि त्याआधी करायचा एक प्रयोग

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गाण्याची बैठक उठली की एक प्रश्न हमखास येतो. "संगीत मेंदूला कसं कळतं यावर इंग्रजीत एवढी जाडजूड पुस्तकं निघालीत. रागसंगीतातल्या माणसानं त्यातलं काय वाचावं?" विचारणारे बहुतेक क्लास चालवणारे असतात, पेटीवाले असतात, नाहीतर 'कॉम्प्युटरनं राग ओळखायचा' असा प्रोजेक्ट अंगावर घेतलेली इंजिनिअरिंगची पोरं.

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी पुस्तक नको. एक प्रयोग समजून घ्या, तो घरी करा, मग पुस्तकांकडे या. कारण यातल्या बहुतेक ग्रंथांत 'संगीत' म्हणजे युरोपातलं, हार्मनीवर (एकाच वेळी अनेक स्वर जुळवून वाजवण्यावर) उभं असलेलं संगीत. ते मनात न ठेवता वाचायला बसलात तर काय घ्यायचं आणि काय सोडायचं, तेच कळत नाही.

प्रयोग १९८४ सालचा. कॅस्टेलानो, भरुचा आणि क्रुमहान्सल या तिघा संशोधकांनी भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले. रागाचा तुकडा संपला की सप्तकातल्या बारा स्वरांपैकी एक स्वर वाजवायचा आणि विचारायचं, हा आत्ताच्या गाण्यात कितपत बसतो? दोन्ही गटांनी सा आणि प यांना सगळ्यांत जास्त गुण दिले, वादीलाही (रागातल्या मुख्य स्वरालाही) बरेच दिले. तुकड्यात जो स्वर जास्त वेळ लागला होता, त्याचे गुण दोन्हीकडे वाढले. म्हणजे ज्यानं जन्मात राग ऐकला नाही, तोही समोर काय ठसतंय ते कानानं मोजत होता. पण रागामागचा थाट (ज्या सात स्वरांच्या संचात तो राग बसवतात तो) मात्र फक्त भारतीय श्रोत्यांच्या गुणांत दिसला. त्यांच्या उत्तरांवरून रागांची जवळीक मांडली, तर आपल्या शास्त्रकारांनी थाटांचं जे नातं सांगितलंय, तोच नकाशा निघाला. वर्षानुवर्षं ऐकून कानात काय साठतं, ते इथे आकड्यांत हाती लागतं.

घरी करायला तानपुरा, एक गाणारा, एक गुण लिहिणारा आणि पाच-सात ऐकणारे पुरेत. भूप घ्या. अर्ध्या मिनिटाची आलापी रेकॉर्ड करा. बारा स्वरांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका. आलापी ऐकवा, क्षणभर थांबा, चिठ्ठी काढा, तो स्वर दोन सेकंद 'आ' करून ऐकवा. ऐकणाऱ्यानं १ ते ७ मध्ये गुण लिहायचे. बारा फेऱ्यांना आठ-नऊ मिनिटं लागतात. एका बैठकीत दोनच राग घ्या, पुढे कान थकतात आणि सगळे ४ लिहू लागतात. सीमाभागात एक सोय आहे : ऐकणाऱ्यांत मराठी अभंगवालेही मिळतात आणि कन्नड वचनं, दासरपदं गाणारेही. आकडेच लिहायचे असल्यामुळे भाषा आड येत नाही.

बिघडतं कुठे? सगळ्यांत आधी पेटीवर. आपल्याकडे पेटीची परंपरा जुनी आणि मोठी, म्हणून तपासायचा स्वर पेटीवरच वाजवायचा मोह होतो. पण नेहमीच्या पेटीचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायचं माप, अख्खं सप्तक १२०० चं) आणि तानपुऱ्यातून उमटणारा ३८६ च्या आसपास. धैवतही तसाच, ९०० आणि ८८४. मग गंधाराला गुण कमी पडले, ते तो रागात बसला नाही म्हणून की तानपुऱ्याशी घासला म्हणून, हे कुणीच सांगू शकत नाही. त्यापेक्षा गायकाच्याच गळ्यातून बारा स्वर घ्या.

दुसरी गोष्ट पंचमाची. तानपुऱ्याची पहिली तार प ला लावून मारव्याचा प्रयोग केलात, तर रागात नसलेला पंचमही गुण खाऊन जातो. मारव्याला ती तार नि ला लावा. खरं तर मूळ प्रयोगातही सा आणि प सतत मागे वाजत होतेच. त्यांना मिळालेले गुण रागामुळे किती आणि तानपुऱ्यामुळे किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही, आणि ही शंका मनात ठेवूनच तो वाचावा.

तिसरी, शेवटच्या स्वराची. आलापी दर वेळी सा वर संपली तर सा कानात ताजा राहतो. सा, ग आणि प वर थांबणारे तीन तुकडे करा, भूपाला ते शोभतंही. चौथी अडचण शिकलेल्या श्रोत्यांची. परीक्षा दिलेला विद्यार्थी राग ओळखतो आणि कानानं ऐकायचं सोडून वहीतलं लिहितो : वादी ग म्हणून ७, संवादी (वादीखालोखालचा स्वर) ध म्हणून ६. रागाचं नाव सांगू नका. शक्य असेल तर भजनाला बसणारे, पण शास्त्र न शिकलेले चार जण आणा.

आता दुसरा राग देशकार घ्या. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपाचा जीव ग वर, पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. देशकार उत्तरांगातला, वरच्या अर्ध्यातला, ध धरून उतरणारा, सकाळचा. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी एक कल्याण थाटात घातला, दुसरा बिलावलात. जमलेल्या प्रयोगात भूपात ग ला जास्त गुण पडतात, देशकारात ध ला. हे दोन तक्ते शेजारी ठेवलेत की पुढच्या पुस्तकांतला प्रत्येक दावा तपासायला तुमच्याकडे स्वतःचं माप असतं.

प्रोजेक्टवाल्या पोरांसाठी इथे थोडं थांबतो, कारण त्यांची गाडी नेमक्या दोन ठिकाणी रुतते. एक म्हणजे षड्ज. कॉम्प्युटरला सा चुकीचा सापडला की सगळं घर फिरतं. भूपाचाच ग सा मानला तर मालकंस होतो, प मानला तर दुर्गा, रे मानला तर मधमाद सारंग, ध मानला तर धानी. मूर्च्छना (दुसऱ्याच स्वराला सा मानून राग बदलणं) शिकलेल्याला ही गंमत, प्रोग्रामला हा अपघात. तानपुरा मध्यमाचा (पहिली तार म ला लावलेला) असेल तर धोका दुप्पट, कारण म आणि सा ही जोडी हुबेहूब सा आणि प सारखी भासते. म्हणून गायकाची पट्टी (त्याचा सा कुठे आहे ते) हातानं भरा, निदान पहिल्या वर्षी तरी. दुसरं म्हणजे मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. कोणता स्वर किती वेळ लागला एवढाच हिशेब ठेवला, तर भूपातली प कडून ग कडे येणारी मींड वाटेतला मध्यमही हिशेबात टाकते आणि भूप शुद्ध कल्याण या शेजारच्या रागाकडे झुकलेला दिसतो. एका स्वरावरून कोणत्या स्वरावर गेले याचा तक्ता केला की बरंच सुधारतं. तरीही चलन (राग कसा पुढे सरकतो ते) म्हणजे दोन-दोन स्वरांच्या जोड्या नव्हेत, त्याहून लांब वाक्यं आहेत. माझ्या मते आजवरची बहुतेक गणितं इथेच तोकडी पडतात.

मग पुस्तकं. पहिलं मराठीतलंच : भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती', चार भाग, गुरु-शिष्याच्या संवादात लिहिलेली. आपण ती परीक्षेसाठी उघडतो. या वेळी वेगळ्या नजरेनं उघडा : ऐकणाऱ्याच्या डोक्यात जे आहे ते किती थोड्या नियमांत मांडता येतं, याचा तो प्रयत्न आहे. नियम कुठे मोडतात हेही ते प्रांजळपणे सांगतात. त्याच काळात आपल्या शेजारी सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल सप्तकातल्या बावीस श्रुतींची (सूक्ष्म स्वरांची) मापं काढत होते, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेऊन. १९१० साली त्यांचं पुस्तक आलं. पुढे यंत्रांनी प्रत्यक्ष गायन मोजलं तेव्हा स्वर अशा ठरलेल्या खुंट्यांवर बसलेले दिसले नाहीत, पण प्रश्न मात्र देवलांनी नेमका धरला होता.

इंग्रजीत लिओनार्ड मायर (१९५६) आणि डेव्हिड ह्युरन (२००६) या दोघांचा विषय अपेक्षा : पुढे काय येणार याचा मन बांधत असलेला अंदाज, आणि तो चुकला की होणारी गंमत. ह्युरन आधी वाचा, सोपा आहे. तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) चालू असताना मनात काय होतं, ते त्याच्या चौकटीत चपखल बसतं.

मार्टिन क्लेटन यांचं हिंदुस्थानी लयतालावरचं पुस्तक (२०००) मात्र विकतच घ्या. अतिविलंबित, म्हणजे फार संथ, एकतालात (बारा मात्रांच्या) एक मात्रा चार-पाच सेकंदांची झाली की आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, मिनिटभराचं होतं. एवढा पल्ला एका दमात मनात मावत नाही. मग समेचा (पहिल्या मात्रेचा) अंदाज येतो कशावरून? ठेक्यातल्या, म्हणजे तबल्याच्या ठरलेल्या बोलांतल्या, खुणांवरून. आणि खुणाही फसव्या : 'धागे तिरकिट' तिसऱ्या-चौथ्या मात्रेला येतं तसंच नवव्या-दहाव्यालाही. नवखा श्रोता तिथेच चुकतो. मागे 'धिं धिं' होतं की 'क त्ता', आणि पुढे 'तू ना' येतं की 'धी ना', हे धरून ठेवावं लागतं. हा पाठ क्लासमध्ये लगेच वापरता येतो.

तबलजींनी जेम्स किपन वाचावेत. लखनौ बाजावरचं (तिथल्या तबलावादनाच्या शैलीवरचं) त्यांचं पुस्तक १९८८ चं. बर्नार्ड बेल यांच्याबरोबर त्यांनी कायद्याचं (ठरावीक बोलांच्या तबल्यावरच्या रचनेचं) व्याकरण कॉम्प्युटरला शिकवलं, आणि यंत्रानं काढलेले पलटे, म्हणजे तेच बोल फिरवून केलेले प्रकार, उस्तादांपुढे ठेवले. दिल्लीचा साधा कायदा घ्या : धा ति ट धा ति ट धा धा ति ट धा गे ति ना कि ना. खाली करताना (डग्ग्याचा घुमारा काढून वाजवताना) धा चा ता होतो, पण शेवटाला 'धा गे धि ना गि ना' असं भरीनं, घुमाऱ्यासकट, परत यावं लागतं. हा नियम लिहिणं सोपं. नियमात बसणारा, तरी हाताला न बसणारा पलटा कसा गाळायचा, हे लिहिणं अवघड. उस्ताद नुसती मान हलवतात, आणि व्याकरण पुन्हा लिहायला घ्यावं लागतं.

लेर्डाल आणि जॅकनडॉफ यांचा पाश्चात्त्य संगीताच्या रचनेवरचा १९८३ चा ग्रंथ पोरं सगळ्यांत आधी मागवतात, कारण नाव सगळीकडे दिसतं. त्यातल्या झाडासारख्या आकृत्या बऱ्याच अंशी हार्मनीवर टेकलेल्या आहेत. तो विकत घेऊ नका. धारवाड किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात ओळख काढून चाळायला मिळाला तर लयीच्या मांडणीचा भाग तेवढा वाचा, बाकीचा सोडून दिलात तरी चालेल.