हो हो, दिसला!

श्रीलंकेतल्या सिंहराजा नावाच्या जंगलात मी धडधडीत खोटं बोलले.

बेडूकमुख्या पक्षी दाखवायला गाईडने आम्हाला वाट सोडून ओल्या झुडपात नेलं होतं. समोर वेलींचा गुंता, त्यात अडकलेली वाळकी पानं. "देअर, अक्का, देअर!" (सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, यावर मी सकाळीच खूश झाले होते.) मी बघतेय. पान. पान. आणखी एक पान. नवऱ्याचा कॅमेरा केव्हाच खटाखट सुरू झालेला. पायावर चढणाऱ्या जळवा मात्र मला स्वच्छ दिसत होत्या. शेवटी म्हटलं, "हो हो, दिसला!"

"किती आहेत?" गाईडने विचारलं.

"एक."

दोन होते. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. काडी उचलून त्याने लांबूनच हवेत रेघ ओढली: ही चोच, हा मिटलेला डोळा. आणि एकदम त्या पानाला तोंड फुटलं! तांबूस ती मादी, राखाडी तो नर, एकमेकांना खेटून. रुंद चोच आणि तिच्या बुडाशी मिशांसारखी राठ पिसं. दिवसभर असंच पान होऊन बसायचं, रात्री किडे टिपायचे. सह्याद्री आणि श्रीलंका सोडून हा पक्षी जगात कुठेही नाही, आणि जन्म सह्याद्रीच्या पायथ्याशी काढून मी तो पाहायला समुद्र ओलांडला.

 

कुडावा गावाच्या बाजूने जंगलात जाणारी वाट चांगली रुंद आहे. कारण ऐकून मन खट्टू झालं: 1970 च्या दशकात प्लायवूडसाठी इथे झाडं तोडली जात होती, ती ओढून नेण्याचा हा रस्ता. ओरड झाल्यावर तोड थांबली आणि 1988 साली जंगल जागतिक वारशात गेलं. आता त्याच रस्त्यावर पाखरांची दिंडी बघायला मिळते. नारिंगी चोचीचे सातभाई कलकलाट करत पुढे, त्यांच्या मागोमाग दहाबारा जातींचे पक्षी आणि वर पहाऱ्याला कोतवाल. धोका दिसला की तो ओरडतो, शिवाय दुसऱ्यांच्या नकला करतो. पाच मिनिटांत सगळं वऱ्हाड पुढे गेलं आणि जंगल पुन्हा टपटपायला लागलं.

जळवांसाठीचे लांब मोजे भाड्याने मिळत होते. मी ऐटीत नको म्हटलं. कोकणातली बाई जळवांना घाबरते काय! त्या दिवशी मोजून अकरा काढल्या. दुखत काहीच नाही, पण चावताना ती रक्त न गोठण्याचं औषध सोडते, म्हणून धार थांबत नाही.

संध्याकाळी होमस्टेच्या ताईंनी म्हशीच्या दह्यावर कितुलची पेनी ओतून दिली. कितुल म्हणजे आपला भेरली माड, आणि पेनी म्हणजे त्याच्या नीरेची काकवी, जराशी धुरकट. मी तीन वाट्या खाल्ल्या.

आदल्या रात्री मी नवऱ्याजवळ कुरकुरले होते: घर इतकं नेटकं, मग पलंगावर ही कळकट चॉकलेटी चादर कशाला? सकाळी उठून पाहिलं तर बारावी जळू माझ्या पोटरीखाली, फुगून करवंदाएवढी झालेली. चादरीवर डाग शोधला. सापडला नाही.